सगळ्या पानांना एकच शेपूट

मंडळाचा फोन नंबर बदलला, एवढंच निमित्त.

आमच्या मंडळाचं नाव 'जव्हार-मोखाडा पाहुणचार मंडळ'. दोन्ही तालुक्यांतली काही घरं शहरातल्या पाहुण्यांना ठेवून घेतात, जेवू घालतात, डोंगर दाखवतात. कोणत्या गावात कोणाचं घर, तिथे कसं पोचायचं, पानात काय पडेल, हे सांगणारी मंडळाची एक वेबसाइट आहे. तिची जव्हारची बाजू मी सांभाळतो आणि मोखाड्याची गोरखराव. मी जव्हारला अकरावी-बारावीला मराठी शिकवतो, गोरखराव मोखाड्याला गणित शिकवतात. शिवाय ते माझे साडू आहेत.

भावाचा हेवा केला तर लोक नावं ठेवतात, शेजाऱ्याचा केला तर कोता म्हणतात. साडूचा हेवा करायची मात्र रीतच आहे. सासुरवाडीला दोघे जावई एका पंगतीत बसले, की वाढणाऱ्या हाताचा चमचा कोणाच्या पानावर जास्त रेंगाळला हे दोघेही बघत असतात. गोरखराव बघत नाहीत असं दाखवतात. तेही मला सहन होत नाही.

तर, मंडळाची बैठक होती. आमचे अध्यक्ष जिवाभाऊ म्हणाले, "जुना नंबर बंद झाला. हा नवीन. वेबसाइटवर बदलून टाका दोघं."

मी वहीत नंबर लिहून घेतला. गोरखरावांनी खिशातून फोन काढला, दोन-चारदा अंगठा फिरवला आणि फोन परत खिशात ठेवला. चहा अजून यायचा होता.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?" जिवाभाऊ.

"मोखाड्याच्या सगळ्या पानांवर बदलला."

जिवाभाऊंनी चष्मा वर केला. गोरखराव मग समजावून सांगू लागले. गणिताच्या मास्तरांना समजावून सांगायची फार हौस असते. प्रत्येक पानाच्या तळाला तोच मजकूर असतो ना, मंडळाचं नाव, पत्ता, फोन. तो त्यांनी पानात लिहिलेलाच नाही. तो एका वेगळ्या फाइलीत एकदाच लिहून ठेवलाय. पानात तळाला फक्त एक ओळीचा हुकूम, की ती फाइल आणून इथे लाव. हा हुकूम वाचतो सर्व्हर, म्हणजे जिथे आपली वेबसाइट ठेवलेली असते तो लांबचा संगणक. कोणी पान मागितलं की तो आधी फाइल आणतो, जागेवर बसवतो, आणि मग पुरं पान वाचणाऱ्याकडे धाडतो. ती एक फाइल बदलली की सगळी पानं बदलतात.

"म्हणजे एका चुलीवरची भाकरी सगळ्या घरांत," जिवाभाऊ म्हणाले, आणि गोरखरावांकडे असं बघितलं, की मी त्या खोलीत असून नसल्यासारखा झालो.

माझ्या पानांचं तसं नव्हतं. माझं प्रत्येक पान मी हाताने घडवलेलं. प्रत्येकाला स्वतःचं डोकं, स्वतःचं शेपूट. रविवारी सकाळी अंघोळ करून बसलो आणि एकेक पान उघडून नंबर बदलत गेलो. निम्मी पानं झाली. जेवलो. डुलकी लागली, ती मोडून पुन्हा बसलो. दिवेलागणीला पाठ ताठ झाली तेव्हा काम संपलं होतं. मला तसं वाटलं. शिरपामाळचं पान राहून गेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात ठाण्याचं एक कुटुंब शिरपामाळला आलं. शिवाजी महाराजांच्या मुक्कामाची जागा बघितली, फोटो काढले, आणि जेवणासाठी पानावरच्या नंबरला फोन लावत बसले. नंबर बंद. शेवटी जव्हारला येऊन वडापाव खाऊन परत गेले. आणि त्या बाजूच्या घरात, कोणीतरी येईलच म्हणून, सकाळी कोंबडं कापून ठेवलं होतं. जिवाभाऊ मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "अर्जुनराव, जरा गोरखरावांकडून शिकून घ्या."

त्या वाक्यात 'जरा' नसता तर मी कदाचित शिकून घेतलंही असतं. मी व्याकरण शिकवतो. क्रियाविशेषण कुठे लागतं ते मला कळतं.

घरी प्रतिक्षा, म्हणजे माझी बायको, तूर निवडत बसली होती. मी झालेलं सांगितलं. सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "मग विचारा की त्यांना. घरचेच आहेत."

"घरचे आहेत म्हणूनच विचारणार नाही."

"सपना सांगत होती, त्यांनी पोरांचे निकालसुद्धा तसेच लावलेत. एक कळ दाबली की सगळं."

सपना ही तिची धाकटी बहीण. गोरखरावांनी मोखाड्यात कळ दाबली की जव्हारात माझ्या घरी दिवा लागतो, तो असा.

मी ठरवलं, हे आपण आपलं शिकायचं. मी पाणिनीचं नाव घेणारा माणूस, मला एका ओळीचा हुकूम लिहिता येणार नाही?

लिहिता आला नाही. माहिती इंटरनेटवर भरपूर होती, पण त्या ओळीचा स्वभाव विचित्र. आधी कोनासारखा कंस, मग उद्गारचिन्ह, मग दोन आडव्या रेघा, आणि रेघांना चिकटून लगेच ती जाळीसारखी खूण. तिथे जागा सोडायची नाही. सोडली तर सर्व्हरला तो हुकूम वाटतच नाही, तो ती ओळ मास्तरची खासगी टीप समजून पुढे जातो. शेवटी मात्र रेघांच्या आधी जागा सोडलीच पाहिजे. आमच्याकडे लग्नात वरमाईच्या शेजारी कोणी चिकटून बसायचं आणि कोणी हातभर लांब, याचे नियम यापेक्षा सोपे आहेत. मी सवयीप्रमाणे दोन्हीकडे ऐसपैस जागा सोडली. मराठीच्या पेपरात विरामचिन्हांनंतर जागा सोडत नाहीत म्हणून मी मुलांचे गुण कापत आलोय.

पान उघडलं. खाली काहीच नाही. जागा काढली, पुन्हा उघडलं. तरी काही नाही.

शेजारचे जैतूकाका कठड्यावरून बघत होते. काका वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेत आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ त्यांना ठाऊक आहे.

"मास्तर, अर्थिंग बघितली?"

"काका, हे लॅपटॉपवर आहे. बॅटरीवर चाललंय."

"तरी पन बघून घ्या. जमिनीत खड्डा करून मीठ-कोळसा टाकला का निम्मे बिघाड जातात."

मी त्यांना सांगितलं की बिघाड विजेचा नाही, समावेशाचा आहे. ते म्हणाले, "समावेश नाय होत म्हणजे कुठं तरी लूज हाय." आणि आत गेले.

दोन दिवसांनी मला कळलं की बिघाड माझ्या घरी नव्हताच. तो हुकूम सर्व्हर वाचतो. माझ्या लॅपटॉपवर मी पान नुसतं उघडत होतो, तिथे सर्व्हर कुठून येणार? म्हणजे मोकळ्या वर्गात उभं राहून मी हजेरी घेत होतो. मग मी एक पान खऱ्या वेबसाइटवर चढवलं. दाभोसा गावाचं. तिथेही खाली काही नाही, आणि आता तर जुनं शेपूटही गेलेलं.

मग मी, मन घट्ट करून, ज्या कंपनीकडे आमची वेबसाइट ठेवली आहे तिच्या मदतकेंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून एक तरुण हिंदीत बोलायला आला. त्याने फार आदराने सांगितलं, "सर, आपके पेज का नाम एचटीएमएल है. सर्वर उसमें आपका ऑर्डर पढ़ेगा ही नहीं. नाम एसएचटीएमएल कर दीजिए, या फिर हम सेटिंग बदल देते हैं."

"सेटिंग बदलो," मी म्हणालो. नावं बदलण्यात मला रस नव्हता. पानांची नावं छापलेले फलक गावोगावी लागले आहेत. प्रत्येकावर तो चौकटी-चौकटींचा ठिपक्यांचा ठसा. पाहुण्याने फोन धरला की त्या गावाचं पान उघडतं.

"ठीक है सर. रजिस्टर्ड नंबर पे ओटीपी गया है. बताइए."

माझा फोन गप्प होता. मी विचारलं, नंबर कोणता? त्याने शेवटचे आकडे सांगितले. ते गोरखरावांचे होते.

वेबसाइट घेताना नाव कोणाचं घालायचं यावर मी त्या वेळी मोठेपणा दाखवून म्हणालो होतो, "घाला हो तुमचंच." मोठेपणाचं व्याज असं चढतं.

"सर, ओटीपी?"

"देता हूँ. थोडा थांबो."

मी प्रतिक्षाला बोलावलं. तिने सपनाला फोन करायचा, सपनाने हळूच नवऱ्याचा फोन बघायचा, आलेला आकडा सांगायचा, आणि मग संदेश पुसून टाकायचा. योजना अगदी सरळ होती. प्रतिक्षा म्हणाली, "म्हणजे चोरी."

"स्वतःच्याच वेबसाइटची कसली चोरी?"

तिने फोन लावला. एका कानाला मदतकेंद्र धरून मी दुसऱ्या कानाने ऐकत होतो.

"सपना, अगं बोल की. हो, बरी आहे. नागलीचे पापड केलेस? इतक्यात? आमच्याकडे ऊन कुठे मिळतं आता अंगणात, जैतूकाकांनी शेड घातली ना. खार किती घातलास? नाही गं, तेवढा नाही घालायचा, लाल होतात."

मी खुणा केल्या. तिने हाताने 'थांबा, आलेच' केलं.

"बरं, ऐक. भावोजींचा फोन जवळ आहे का? अंघोळीला गेलेत? छान. त्यात एक आकडा आलाय बघ. का म्हणजे? यांना हवाय. नाही, त्यांना सांगायचं नाही. ते मी तुला नंतर सांगते. हो गं, तेच. तू ओळखलंस. तसंच आहे यांचं."

'तसंच आहे यांचं' म्हणजे कसं, हे मी अजून विचारलेलं नाही.

आकडा मिळाला. मी तो तरुणाला सांगितला. तो म्हणाला, "सर, ये तो एक्सपायर हो गया. फिर से भेजूँ?" आणि त्याच वेळी प्रतिक्षाच्या फोनमधून लांबून गोरखरावांचा आवाज आला, "सपना, टॉवेल." सपनाने फोन ठेवला. आम्हीही ठेवला.

मग उरला पानांची नावं बदलण्याचा मार्ग; फलकांचं पुढे बघू म्हटलं. मी एका दुपारी सगळ्या पानांची नावं बदलून टाकली. एकसारखं डोकं आणि एकसारखं शेपूट अशा दोन फाइली केल्या. शेपटासाठी नवीन लिहायचा कंटाळा आला. दाभोशाच्या पानाची जुनी प्रत लॅपटॉपवर समोरच उघडी होती, तिचंच शेपूट उचलून त्या फाइलीत टाकलं. सगळं वर चढवलं. प्रत्येक पान उघडून बघितलं. डोकं जागेवर, शेपूट जागेवर. जागा नाही तिथे नाही, आहे तिथे आहे. मी खुर्चीतून उठलो आणि घरातल्या घरात एक फेरी मारली.

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मी लिहिलं, "जव्हार विभागाची संपूर्ण वेबसाइट आता समाईक फाइलींवर. यापुढे कोणताही बदल एका क्षणात." लोकांनी अंगठे दाखवले. जिवाभाऊंनी हात जोडले. गोरखरावांनी काहीच टाकलं नाही. त्यांच्या त्या काहीच न टाकण्याने मला जे सुख झालं ते सांगायला नको. माणसाने आपल्या साडूला एकदा तरी गप्प केलेलं असावं.

शनिवारी सकाळी मी शेव-चहा घेऊन ओट्यावर बसलो होतो, तेव्हा गोरखरावांची मोटरसायकल दारात येऊन थांबली. मोखाड्याहून घाट चढून आलेले, कपाळावर हेल्मेटचा वळ.

"अर्जुनराव, तुम्ही फाइल कुठे हलवली?"

"कुठली फाइल?"

"तीच." ते जरा अडले. "'कसे याल'."

'कसे याल' हे माझं पान. आमच्या भागात कसं यायचं ते मी त्यात लिहिलंय. कोणत्या फाट्यावर जीप मिळते, जीप भरेपर्यंत कुठे बसावं, कुठल्या वळणावर पोटात ढवळतं आणि तिथे खिडकीतून कोणत्या बाजूला बघावं. मी त्यावर बरेच दिवस घालवले होते. कोणी कधी त्याबद्दल काही बोललं नव्हतं.

"ती माझी फाइल आहे. तिचं नाव बदललं. तुम्हाला कशाला हवी?"

गोरखरावांनी फोन काढून समोर धरला. खोडाळ्याचं पान. वर सुरेख डोकं, खाली सुरेख शेपूट, आणि मध्ये चौकटी कंसात एक इंग्रजी ओळ, की हा हुकूम पाळताना काहीतरी चूक झाली आहे. त्यांनी दुसरं पान उघडलं. तीच ओळ. तिसरं. तीच.

मला समजायला थोडा वेळ लागला. मोखाड्याच्या प्रत्येक पानाच्या पोटात त्यांनी तोच एका ओळीचा हुकूम लिहून ठेवला होता, की जव्हारच्या मास्तरांची 'कसे याल' ही फाइल आणून इथे लाव. माझाच मजकूर, माझीच वळणं, माझीच जीप. तो सगळा मोखाड्याच्या डोक्या-शेपटांच्या मधोमध बसून गोरखरावांच्या नावाने लोकांपुढे जात होता. मी फाइलीचं नाव बदललं आणि त्यांच्या सगळ्या पानांच्या पोटात खड्डा पडला.

"म्हणजे तुमची पानं माझ्या जिवावर," मी म्हणालो. मी हे शांतपणे म्हणायचा प्रयत्न केला.

"जिवावर म्हणजे," ते म्हणाले, "समाईक माहिती आहे. दोनदा कशाला लिहायची, तेच तर तत्त्व आहे." पण माझ्याकडे न बघता ते जैतूकाकांच्या शेडकडे बघत होते.

प्रतिक्षा दारात येऊन उभी राहिली होती. तिने हे ऐकावं असं मला वाटतच होतं. आता आणखी काय काय बोलावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. दाभोशाची चैती. मंडळातलं तिचं घर सगळ्यात लांबचं आणि सगळ्यात लहान.

"मास्तर, माणसा आलीत."

"छान. जेवू घाल त्यांना."

"लय आलीत. दोन गाड्या आल्या, आनखी जीप पन आली. कोन सांगं आमाला शिरपामाळ बघायचाय, कोन सांगं दुसरा गाव. सगळी माझ्याच दारात. सगळ्यांला मीच हो बोलली फोनवर. नाय कसं म्हनू? आता पीठ पुरायचं नाय."

मी लॅपटॉप उघडला. शेपूट बघितलं. 'राहण्या-जेवणासाठी संपर्क : चैती, दाभोसा', आणि खाली तिचाच नंबर. दाभोशाच्या पानापुरता तो मी मागे कधीतरी घातला होता, कारण मंडळाकडून तिला निरोप पोचायला उशीर व्हायचा. तेच शेपूट मी समाईक केलं होतं. आता जव्हार तालुक्यातल्या कुठल्याही गावाचं पान उघडा, खाली चैती. बाकीच्या घरांत त्या आठवड्यात एकही फोन गेला नव्हता, आणि त्यांना वाटत होतं की यंदा पाहुणेच नाहीत.

गोरखराव माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी वळून बघितलं असतं तर कदाचित ते हसले असते, म्हणून मी वळलो नाही.

"बसा मागे," ते म्हणाले. प्रतिक्षाने नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, आणि लॅपटॉपची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. जैतूकाका कठड्यावरून म्हणाले, "बोललो होतो ना, कुठं तरी लूज हाय."

दाभोशाला चैतीच्या अंगणात जत्रा होती. शहरी बूट ओट्याखाली रांगेने काढलेले. भात कापलेल्या खाचरात कोणी सेल्फी काढत होतं, एक आजोबा खाटेवर घोरत होते. चैती चुलीपुढे होती, आणि तिच्या सासूने दुसरी चूल अंगणात पेटवली होती. चैतीने आम्हाला बघितलं आणि पिठाचा डबा घेतला.

आधी ते शेपूट दुरुस्त करायला हवं होतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत आणखी गाड्या. घराजवळ बोलण्यापुरतीच रेंज होती, इंटरनेटची नव्हती. गोरखराव म्हणाले वरच्या कातळावर येते. आम्ही दोघे चढलो. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो, आणि त्यांनी आपल्या फोनचं इंटरनेट मला दिलं. शेपटाची फाइल उघडली. चैतीचा नंबर काढला, मंडळाचा घातला. फाइल वर चढवली. शिरपामाळचं पान उघडलं, बदललेलं. बाकीची पानं उघडली, बदललेली. अख्खा रविवार लागणारं काम कातळावर ऊन सोसत बसल्या बसल्या झालं. मला ते एकदम आवडलं, आणि आवडल्याचं तोंडावर दिसू नये म्हणून मी घाम पुसला.

मग मदतकेंद्राला फोन केला. सेटिंग बदलायची होती, म्हणजे जुन्या नावांची पानंही सर्व्हर वाचेल आणि गावोगावचे फलक पुन्हा चालतील. ओटीपी गोरखरावांच्या फोनवर आला. त्यांनी तो ताबडतोब मोठ्याने वाचून दाखवला, आणि मग म्हणाले, "मागे एकदा आला होता तोही तुमचाच का?"

"सपनाने सांगितलं?"

"नाही. टॉवेल मागितला तेव्हा माझा फोन पापडांच्या ताटात होता."

मी पानांना जुनी नावं परत दिली. 'कसे याल' जागेवर आलं, आणि खोडाळ्याच्या पानाचं पोट भरलं. त्यांनी ते बघितलं, मान हलवली. आम्ही खाली उतरलो.

त्यानंतर जे झालं ते मुख्यतः भाकऱ्यांचं. चैतीने आम्हाला अंगणातल्या चुलीवर बसवलं. एकाने थापायच्या, एकाने भाजायच्या. गोरखरावांच्या भाकऱ्या गोल होत होत्या. कुठल्याही माणसाच्या नागलीच्या भाकऱ्या पहिल्या दिवशी गोल होत नाहीत, पण त्यांच्या झाल्या. मी थापलेल्या भाकरीचा प्रत्येक वेळी वेगळ्याच देशाचा नकाशा व्हायचा, म्हणून चैतीने मला भाजायला बसवलं. पाहुणे पानांवर बसले. कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, तांदळाचा भात. लोक जेवत होते आणि मी तव्यावरून उतरवून देत होतो.

नाशिकच्या एक बाई होत्या, वयस्क, बरोबर दोन मैत्रिणी. भाकरी घ्यायला त्या चुलीपाशी आल्या आणि गोरखरावांना बघून थांबल्या. बैठकीचा फोटो असतो ना वेबसाइटवर, त्यात त्यांनी गोरखरावांना बघितलं असावं.

"तुम्ही मोखाड्याचे ते गोरख सर ना?" त्यांनी फोन काढला. "मी मागच्या आठवड्यात तुमचं लिहिलेलं वाचलं आणि याच्यावर फोटो काढून ठेवला. म्हणून तर आलो आम्ही. मला घाटाची भीती वाटते, मी कधी येत नाही डोंगरात." आणि त्या वाचू लागल्या. "'या वळणावर पोटात ढवळेल. डावीकडे बघू नका. उजवीकडे बघा, तिथे एक घर आहे, त्याच्या दारात कोणीतरी उभं असतं. हात हलवा. ते हलवतात. तेवढ्यात वळण संपतं.'" त्यांनी फोन खाली केला. "आम्ही हात हलवला. एका म्हातारीने हलवला परत. मी रडले हो गाडीत. किती छान लिहिता तुम्ही."

तव्यावर भाकरी होती. मी तिच्याकडे बघत होतो. आता गोरखराव काय म्हणतील ते मला माहीत होतं. 'आभारी आहे' म्हणतील, किंवा समाईक माहितीचं तत्त्व समजावतील, आणि मग मी परत जाताना मोटरसायकलवर मागून त्यांना काय ऐकवायचं तेही मी तयार ठेवलं होतं. ती वाक्यं चांगली होती. त्यांत अलंकार होते.

गोरखरावांनी पिठाचे हात झटकले.

"ते मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "हे बसलेत ना तव्याशी, यांनी लिहिलंय. अर्जुन सर. मी फक्त उचलून लावलंय. मी तसं लिहायला बसलो होतो दोनदा. रस्त्याचं अंतर सोडून पुढे काही सुचलं नाही. म्हणून यांचंच लावलं, आणि यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे माझ्या पानांना हसले असते."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी दोन्ही हात जोडले. त्या काहीतरी म्हणाल्या. चांगलंच काहीतरी असणार, पण मला ते नीट ऐकू आलं नाही.

मला गोरखरावांचं वाक्य ऐकू येत होतं. अनोळखी माणसांसमोर, चैती आणि तिच्या सासूसमोर, पिठाच्या हातांनी, एवढं सरळ. मी गेली कित्येक वर्षं त्यांच्या नोकरीचा, त्यांच्या एका कळीचा, सासुरवाडीच्या पंगतीतल्या त्यांच्या पानाचा हेवा करत आलो. ते सगळं त्या क्षणी मला फार हलकं वाटलं. पण मन मोकळं झालं म्हणावं, तर तसंही झालं नाही. मला त्यांचा जितका हेवा तेव्हा वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता. हे असं बोलता येणं, हे मला कुठल्या फाइलीतून आणून लावता येणार होतं?

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. सगळे थांबले होते.

"गोरखराव," मी म्हणालो, "थापा की पुढची. तवा मोकळा आहे."

त्यांनी पिठाचा गोळा घेतला आणि थापायला सुरुवात केली. ती भाकरीही गोल झाली.